व्हॉल्व्ह ॲम्पमधली घूंऽऽ : अर्थिंगची पिन कापू का?

डोंबिवलीकर_ईएल८४

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही तशीच येतात, म्हणून सगळंच लिहितो.

गेल्या दिवाळीत एका हौशी कारागिराकडून व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा) स्टिरिओ ॲम्प करून घेतला. आउटपुटला ईएल८४ व्हॉल्व्हच्या दोन जोड्या पुश-पुल (जोडीतला एक ढकलतो, दुसरा ओढतो), त्यांच्या आधी ईसीसी८३, चॅनेलला साधारण १० वॅट. ॲल्युमिनियमची चासी (पेटी), थ्री-पिन वायर, मागे आरसीएचे (साध्या गोल पिनांच्या ऑडिओ वायरचे) तीन इनपुट. एकावर टर्नटेबल, मध्ये रेकॉर्डचा बारीक सिग्नल वाढवणारा वेगळा फोनो प्रीॲम्प. दुसऱ्यावर लॅपटॉप, तिसऱ्यावर टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून आलेली वायर. टीव्हीला डीटीएचचा बॉक्स आहे. छत्री माझ्या एकट्याची नाही, सोसायटीच्या गच्चीवर सामाईक आहे. लिफ्टच्या खोलीत मल्टिस्विच (एका छत्रीचा सिग्नल अनेक घरांना वाटणारा डबा) बसवलाय, तिथून घरोघरी केबल उतरते. स्पीकर वडिलांच्या वेळचे, मोठ्या पेट्या, ९२ डीबीचे (एका वॅटला एवढा आवाज).

आता दुखणं. टीव्हीची वायर ॲम्पला लावली की स्पीकरमधून जाड घूंऽऽ. टीव्ही आणि बॉक्स भिंतीवरच्या बटणापासून बंद केले तरी तशीच. सिलेक्टर टर्नटेबलवर फिरवला तर कमी होते, जात नाही. लॅपटॉप चार्जरवर असला की वेगळीच चरचर, माउस हलवला की त्यात किरकिर. चार्जर काढला की गप्प. टर्नटेबलवर बारीक भुणभुण आहे, व्हॉल्यूमबरोबर वाढते. आणि शेवटचं निरीक्षण बायकोचं: लिफ्ट सुरू झाली की घूंचा पोत बदलतो, थोडा खरखरीत होतो. मी मुद्दाम जिन्यात मुलाला उभं करून तपासलं. खरं आहे.

ओळखीच्या एका टेक्निशियननं फोनवरच निदान केलं, "ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन अर्थिंगमधून करंट गोल फिरतोय, ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन कापून टाका, सगळे तेच करतात." पक्कड हातात घेतली होती, पण म्हटलं आधी इथे विचारावं. कापू का?

झटपट_उपाय

कापा बिनधास्त. माझा ॲम्प कधीपासून टू-पिनवर चालतोय, आवाज एकदम स्वच्छ. अर्थिंग फ्रिज-गीझरला लागतं, ऑडिओला ते फक्त कचरा आणतं.

तारवाली

डोंबिवलीकर, पक्कड खाली ठेवा.

झटपट, तुम्ही एकदा तुमच्या ॲम्पमधला एचटी (व्हॉल्व्हना लागणारा उच्च व्होल्टेज) मोजा. ईएल८४ च्या पुश-पुलमध्ये तो ३०० व्होल्टच्या आसपास असतो, डीसी, आणि मागे मोठे कंडेन्सर भरलेले. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचं इन्सुलेशन एखाद्या पावसाळ्यात दगावलं की २३० व्होल्ट सरळ चासीवर येतात. अर्थिंग असेल तर करंट त्या तारेनं जातो आणि एमसीबी पडतो. नसेल तर चासी शांतपणे जिवंत बसून राहते आणि कुणीतरी व्हॉल्यूमला हात लावण्याची वाट बघते. शिवाय डोंबिवलीकरांच्या घरी आरसीएच्या शील्डमधून (वायरच्या बाहेरच्या धातूच्या जाळीतून) टीव्ही, बॉक्स आणि गच्चीवरची छत्री हे सगळं त्या चासीला जोडलेलं आहे. म्हणजे फॉल्ट झालाच तर तो वरच्या मजल्यावरच्यांच्या केबलपर्यंत पोचेल. पिन कापल्यावर हम (तुमची घूं) जातो, हे खरंच आहे. फ्यूजच्या जागी खिळा घातला तर फ्यूजही जात नाही.

माझी ओळख म्हणाल तर मी आकाशवाणीच्या अभियांत्रिकी शाखेतून निवृत्त झाले. तिथे शेकडो मीटर तारा रॅकमागून फिरायच्या, पण घूं नसायची. कारण प्रत्येक लाइन ६०० ओहमची बॅलन्स्ड, दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर. सिग्नल दोन तारांतल्या फरकात जायचा, शील्डचा त्याच्याशी संबंध नसायचा. शील्डमधून काय वाहायचं ते वाहू दे. घरगुती आरसीएमध्ये हीच सोय नाही. तिथे शील्ड हीच सिग्नलची परतीची तार. त्या शील्डमधून कुठलाही परका करंट गेला की त्यानं पडणारा व्होल्टेज थेट गाण्यात मिसळतो, आणि ॲम्पला तो वेगळा ओळखता येत नाही.

किती मिसळतो ते बघा. समजा शील्डमधून १०० मिलिॲम्पिअर वाहतायत, आणि शील्ड अधिक दोन पिनांचा मिळून रेझिस्टन्स ५० मिलिओहम. झाले ५ मिलिव्होल्ट. तुमचा ॲम्प अंदाजे ५०० मिलिव्होल्टला पूर्ण १० वॅट देत असेल, तर हे त्याचा शंभरावा भाग, म्हणजे ४० डीबी खाली. ९२ डीबीचा स्पीकर १० वॅटला १०२ डीबी देतो. त्यातून ४० वजा केले तर ६२ उरतात. व्हॉल्यूम पूर्ण उघडा असताना ही माणसाच्या बोलण्याएवढी पातळी झाली. ५० हर्ट्झला आपला कान मंद असतो म्हणून वाचतो, पण हम कधी एकटा येत नाही. १५० आणि २५० हर्ट्झचे सोबती घेऊन येतो, आणि ते कानाला बरोबर सापडतात.

घरात हार्मोनियम आहे का? असेल तर सूर लावून बघा. ५० आणि १०० हर्ट्झ दोन्ही पांढरी पाचच्या किंचित वर लागतात, फरक फक्त सप्तकाचा. त्याला षड्ज धरलात तर १५० वर पंचम आणि २५० वर गंधार ऐकू येईल. खालचा षड्ज आणि त्यावर पंचम-गंधार असा थाट असेल तर संशय लूपवर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी गळतीवर. नुसता वरचा षड्ज, म्हणजे १०० हर्ट्झ, असेल तर ॲम्पच्याच पॉवर सप्लायचा रिपल (डीसीत उरलेला चढउतार), कारण एसीचा डीसी करणारा फुलवेव्ह रेक्टिफायर ५० चे १०० करतो. आणि सूरच सापडत नसेल, नुसता भुंगा असेल, तर चार्जर, एलईडीचे ड्रायव्हर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांच्याकडे बघायचं.

आता तुमच्या बायकोनं दिलेला पुरावा. या धाग्यात त्याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. लिफ्टच्या खोलीत मल्टिस्विच आहे, तो तिथल्याच सॉकेटवर चालतो आणि बहुधा तिथल्याच अर्थिंगला जोडलेला आहे. लिफ्टच्या ड्राइव्हमधून (मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रातून) अर्थिंगला गळती करंट जातो, मोटर चालू असताना जास्त. म्हणजे गच्चीवरची 'जमीन' आणि तुमच्या हॉलमधल्या बोर्डातली 'जमीन' एका पातळीवर नाहीत. तुमच्या टीव्हीची वायर ॲम्पला लागली की या दोघींमध्ये रस्ता तयार होतो: लिफ्टची खोली, केबलचं शील्ड, बॉक्स, एचडीएमआय, टीव्ही, आरसीए, ॲम्प, बोर्डाचं अर्थिंग. बटणं बंद करून काही होत नाही, कारण बटण फेज तोडतं, शील्ड नाही. सिलेक्टर फिरवूनही नाही, कारण तो आतली तार बदलतो. तिन्ही इनपुटची शील्डं मागे एकत्रच असतात.

खात्री अशी करा. सगळं जोडलेलं ठेवून फक्त बॉक्समागची छत्रीची केबल फिरवून काढा. घूं गेली तर चोर सापडला. मग त्या सुट्या केबलच्या बाहेरच्या धातूत आणि ॲम्पच्या चासीत मल्टिमीटरनं एसी व्होल्टेज मोजा. मीटर आधी मोठ्या रेंजवर, ७५० वर, ठेवायचा आणि दोन्हींना एकाच वेळी हात लावायचा नाही. सोसायटीचं अर्थिंग कसं आहे हे आपल्याला माहीत नाही.

आकडा कळवा, पुढचं मग सांगते.

कोल्हापुरी_कंडेन्सर

तारवाली ताईंना +१, पण ॲम्पमध्येच ग्राउंड लूप ब्रेकर टाकायचा उपाय राहिला. मी माझ्या प्रत्येक ॲम्पमध्ये टाकतो. ३५ ॲम्पिअरचा ब्रिज (चार डायोडचा तुकडा) घ्यायचा, त्याची प्लस आणि मायनस टोकं एकमेकांना जोडायची. दोन एसी टोकांपैकी एक चासीला, दुसरं सिग्नलच्या स्टार पॉइंटला (जिथे ॲम्पमधल्या सगळ्या ग्राउंडच्या तारा एकत्र येतात). त्याच दोन टोकांवर १० ओहम ५ वॅटचा रेझिस्टन्स आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर समांतर. लूपला आता मिलिओहमच्या जागी १० ओहम दिसतात, करंट बसतो. फॉल्ट झाला तर डायोड उघडतात. पन्नास-शंभर रुपयांत काम.

तारवाली

कोल्हापुरी, सर्किट बरोबर आहे, पण एक अट ठळक लिहायला हवी होती. प्लगमधली हिरवी तार चासीला सरळ बोल्टनं, खरवडलेल्या धातूवर, दातेरी वॉशर लावून. तिच्यामध्ये काहीही नाही. ब्रेकर फक्त स्टार पॉइंट आणि चासी यांच्यामध्ये. आणि आरसीएचे जॅक चासीपासून इन्सुलेटेड हवेत. एक जॅक जरी पत्र्याला टेकला तरी तुमचा ब्रिज शोभेचा. डोंबिवलीकरांच्या ॲम्पमध्ये जॅक कसे बसवलेत हे बघितल्याशिवाय मी त्यांना हे सुचवणार नाही. झाकण उघडायचंच झालं तर प्लग काढून, एचटीचे कंडेन्सर रेझिस्टन्समधून रिकामे करून, मीटरनं खात्री करून मगच.

डोंबिवलीकर_ईएल८४

ताई, केबल काढली आणि घूं गायब! सुट्या केबलचं बाहेरचं शील्ड आणि चासी यांत १.८ व्होल्ट. लिफ्ट चालू झाली की मीटर नाचतो, २.३ पर्यंत जातो.

दुकानातून केबल टीव्हीचा आयसोलेटर आणला, दोन्हीकडे पिना असलेली छोटी नळकांडी. तो लावला तर घूं नाही, पण बॉक्सवर "सिग्नल नाही".

तारवाली

येणारच नाही सिग्नल. त्या आयसोलेटरमध्ये कंडेन्सर असतात. ते टीव्हीचा सिग्नल सोडतात पण डीसी अडवतात. साध्या केबल टीव्हीला ते चालतं. डीटीएचचा बॉक्स मात्र त्याच केबलवरून वर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) त्यावर वीजही मिळते आणि कुठलं पोलरायझेशन (उभ्या की आडव्या लहरी) हवं तेही कळतं. मल्टिस्विचसुद्धा त्याच व्होल्टेजवर ठरवतो. तो रस्ता बंद केलात, बॉक्स आंधळा झाला. आयसोलेटर परत करा.

१.८ व्होल्ट आरएमएस म्हणजे शिखराला अडीच. कोल्हापुरींच्या ब्रिजमधले दोन डायोड मिळून सव्वा व्होल्टच्या आसपास उघडायला लागतात. लूपच्या बाकीच्या रेझिस्टन्सवर अवलंबून आहे, पण शिखरावर ते उघडले तर घूं जाऊन तिच्या जागी भुंगा येईल. म्हणून तुमच्याकडे लूप टीव्हीपाशीच तोडायचा. टीव्हीमागे चौकोनी झाकणाचं ऑप्टिकल आउट आहे का बघा. असेल तर एक छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा डबा) घ्या आणि त्याच्यापर्यंत ऑप्टिकल केबल टाका. काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, करंट जात नाही. लूपचा विषयच मिटतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर (साध्या, न दाबलेल्या डिजिटल आवाजावर) ठेवा, नाहीतर साधा डॅक मुका बसेल आणि तुम्ही मला दोष द्याल. ऑप्टिकल नसेल तर वायरमध्ये १:१ चे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. स्वस्तातले खालचे स्वर खातात, तबल्याचा बायां पातळ होतो. पण टीव्हीच्या बातम्यांना चालतील.

लॅपटॉपचं निराळं. तुमचा चार्जर थ्री-पिन असणार, म्हणून तोही लूप करतो, आणि माउसच्या किरकिरीसकट लॅपटॉपच्या पोटातला डिजिटल करंट शील्डवर घेऊन येतो. टू-पिन चार्जरही साधू नव्हे. त्याच्या आत मेन्स आणि आउटपुट यांच्यामध्ये एक छोटा कंडेन्सर असतो, त्यातून थोडी गळती होतच राहते. पत्र्याच्या लॅपटॉपवर हात फिरवला की जी झिणझिण लागते, तीच ही. गाणी बॅटरीवर ऐका किंवा तिथेही ट्रान्सफॉर्मर.

टर्नटेबलची भुणभुण मी अजून धरलेलीच नाही. फोनो प्रीॲम्प कुठे ठेवलाय?

डोंबिवलीकर_ईएल८४

ॲम्पच्या शेजारीच, चिकटून. कपाटात जागा नाही हो.

तारवाली

वाटलंच. मूव्हिंग मॅग्नेट (चुंबक हलणाऱ्या पिकअपची) फोनो स्टेज १००० हर्ट्झला साधारण ४० डीबी वाढवते. पण रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात, ते परत उचलायला आरआयएए (रेकॉर्डसाठीचं ठरलेलं दुरुस्तीचं प्रमाण) ५० हर्ट्झला आणखी जवळजवळ १७ डीबी देते. एकूण ५७, म्हणजे सातशेपट. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या आसपास पसरलेलं ५० हर्ट्झचं चुंबकी क्षेत्र तिथे शिरलं की सातशेपट होऊन बाहेर येणार. ॲल्युमिनियमची चासी त्याला अडवत नाही, आणि पितळी जाळी घातलेली महागडी केबलही नाही. उपाय अंतराचा. प्रीॲम्प दोन फूट लांब, ट्रान्सफॉर्मरच्या विरुद्ध बाजूला. कपाट बदला.

टर्नटेबलची बारीक हिरवी किंवा काळी तार प्रीॲम्पच्या ग्राउंड स्क्रूलाच लावा, ॲम्पच्या चासीला नाही. आणि सगळ्यांचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर. एक हॉलच्या बोर्डात, एक बेडरूमच्या, असं नको.

नगरचा_अण्णा

माझ्याकडे लाइट गेली की इन्व्हर्टरवर ॲम्प भुंग्यासारखा घोंगावतो आणि ट्रान्सफॉर्मरही गरम होतो. हाही लूपच का?

तारवाली

नाही अण्णा, तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. साइन वेव्हचा घ्या, तोवर लाइट नसताना व्हॉल्व्ह पेटवू नका.

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीतून हजेरी. आमच्याकडे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, त्यामुळे तुमच्या पांढरी पाचच्या ऐवजी आमचा हम काळी पाच आणि पांढरी सात यांच्या अधेमधे. केबल टीव्हीच असल्यानं तो कंडेन्सरवाला आयसोलेटर मात्र मला लागू पडला.

डोंबिवलीकर_ईएल८४

अपडेट. टीव्हीला ऑप्टिकल होतं. डॅक लावला, पीसीएम केलं, टीव्हीवर चिडीचूप. प्रीॲम्प खालच्या कप्प्यात नेला, तिथल्या वह्या-पुस्तकांची बदली बेडरूममध्ये झाली. आता रेकॉर्ड नसताना, व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवून, दोन हातांवरूनही काही ऐकू येत नाही. कान जाळीला लावला तर बारीक आवाज आहे. व्हॉल्यूम शून्य केला तरी तेवढाच राहतो. फोनच्या ट्यूनर ॲपवर १०० दिसतात. तो घालवायला व्हॉल्व्हचा हीटर (आतली तापणारी तार) डीसीवर न्यावा का?

तारवाली

व्हॉल्यूमनं बदलत नाही म्हणजे तो व्हॉल्यूमच्या पुढे तयार होतोय, आणि १०० हर्ट्झ आहे म्हणजे रिपल. हीटर एसीवर चालतो, त्याचा हम ५० चा असता. डीसी करून काही मिळणार नाही. इथून पुढचं कारागिराला विचारा: एचटीच्या फिल्टरमध्ये चोक (रिपल अडवणारी तारेची गुंडाळी) आहे की नुसता रेझिस्टन्स, आणि प्रत्येक जोडीतले दोन ईएल८४ समान करंट ओढतात का. पुश-पुलमध्ये जोडी जुळलेली असेल तर रिपल आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बराचसा आपोआप कटतो. एक व्हॉल्व्ह म्हातारा झाला की रिपल डोकं वर काढतो. कॅथोडचा रेझिस्टन्स प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळा असेल तर त्यावरचा डीसी व्होल्टेज मोजून लगेच कळेल. हे काम चालू एचटीवर करायचं असतं, म्हणून ते त्यालाच करू द्या.

आणि ते १.८ व्होल्ट तुमच्या ॲम्पसाठी मिटले, इमारतीसाठी नाही. लिफ्टच्या खोलीच्या अर्थिंगचा जोड सैल असू शकतो किंवा गच्चीवर न्यूट्रल आणि अर्थिंग कुणीतरी एकत्र केलेले असू शकतात. परवानाधारक वायरमनकडून अर्थ पिटचा रेझिस्टन्स मोजून घ्यायला सांगा. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि त्यात हम, ॲम्प, रेकॉर्ड यातला एकही शब्द घालू नका. फक्त लिफ्ट लिहा.